रफिकभाईंच्या फाइलमधला रिकामा कॉलम

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप घेऊन उठून जाणाऱ्यांपैकी मी. काम आकड्यांचं... नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत शेतावरच्या चाचण्यांचा डेटा बघते. तरीही हे लिहितेय, कारण स्वतः पाहिलंय.

भोकरदनजवळच्या मक्याच्या प्लॉटवर आमचे रफिकभाई मोजमापं घेतात. माणूस लाखमोलाचा, पण कॉलमची नावं म्हणजे... नुसतं 'उंची' लिहायचं तर 'उंची बराबर मोजली' असं लिहितील, तेही इंग्रजी अक्षरांत. मी फाइल 'आर'मध्ये घेते, ते सॉफ्टवेअर नावातल्या प्रत्येक रिकाम्या जागी टिंब टाकतं. मग दिसतं — उंची.बराबर.मोजली. मला हसू येतं आणि कामही वाढतं.

गेल्या ऑक्टोबरात त्यांची सकाळी आलेली फाइल मी दुपारी घेतली. शेवटी एक कॉलम होता — रफिक.एकटाच.हाय. खाली सगळं रिकामं.

चिडलेच मी. हा काय कॉलम झाला? झापायला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. रफिकभाई माझा फोन कधी चुकवत नाहीत. शेतमालक भगवानदादांना फोन केला.

"ताई, जेवून राह्यलो. मंग बघतो."

"दादा, जेवण राहू द्या. आधी जा."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "ताई, रफिक मक्यात पडेल हाय. ऊन लागलं. शुद्ध न्हाई. गाडीत घालून दवाखान्यात नेऊन राह्यलो."

वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. सोबतचा मजूर त्या दिवशी आलाच नव्हता, आणि डोक्यावरून गेलेल्या मक्यात पडलेला माणूस बांधावरून कोणाला दिसणार?

नंतर रफिकभाईंना विचारलं.

"मॅडम, मी कशाला असं लिहू? आदल्या दिवसाची फाइल तर घरूनच पाठवून गेल्तो. मजूर येणार न्हाई हे मलाच शेतात गेल्यावर कळलं."

मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडली. तो कॉलम नाही. पुन्हा 'आर'मध्ये घेतली... नाही. ऑफिसातले म्हणतात, भास झाला. असेल. पण मजूर आला नाही हे भासाला कुठून कळलं?

एक गोष्ट मात्र ऑफिसात कोणाला सांगितली नाही. रिकामे कॉलम न दाखवता काढून टाकणारी एक ओळ माझ्या प्रोग्राममध्ये पहिल्यापासून होती. त्या दिवशी प्रोग्राम मध्येच अडकला, म्हणून मी एकेक ओळ हाताने चालवत होते. नाहीतर तो कॉलम मला दिसलाच नसता.

ती ओळ आता काढलीये. पण त्याआधी ती कित्येक वर्षं चालत होती... तिने काढून टाकलेल्या कॉलमांत अजून कोणाबद्दल काही आलं होतं का, हे कळायला आता मार्ग नाही.