खांद्यावरचा हात

सुरतेतल्या उधन्याच्या पंपावर आज पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि ती दुपार पुन्हा समोर आली.

मोठी स्पोर्ट्स बाईक देऊन मी नुकतीच साधी छोटी गाडी घेतली होती. मोठीची मागची सीट माळ्यासारखी उंच, आईला साडीत तिच्यावर चढताच येत नसे. छोटीला साडीगार्ड होतं. मित्र मात्र हसले. सिग्नलवर शेजारी एखादी मोठी गाडी गुरगुरली, की मीही तिकडे बघायचं टाळत होतो.

देवळातून परतताना याच पंपावर आई उतरली. पेट्रोल भरून मी निघालो आणि तिच्याशी बोलत बोलत थेट पुलापर्यंत गेलो. एकट्यानंच गाडी चालवायची सवय! उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर सीट रिकामी. गाडी वळवून घाईघाईनं परत आलो. आई हवा भरायच्या मशीनजवळ पिशवी कवटाळून उभी होती.

“मी आजून बठनू बी नही, आन तू निंघी गया!” घरच्या अहिराणीत ती म्हणाली आणि हसतच सुटली. मग तिनंच नेम ठरवला, “मी खांदावर हात ठेवसू, मंगच निंघ.”

तेव्हा मोठी गाडी गेल्याची केवढी हळहळ होती. आज तिचा रंगही धड आठवत नाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली.

टाकीचं झाकण लावलं, किक मारली आणि नेहमीसारखा थांबलो.

मागच्यानं हॉर्न वाजवला. “काका, चालो ने! कोनी राह जुओ छो?”

कोणाची वाट बघतोय, ते त्याला काय सांगणार?