गमबूट, माणशी एक

हा किस्सा मीच सांगून टाकलेला बरा. मी नाही सांगितला तर धावड्यातला कुणीही सांगेल, आणि वाढवून सांगेल. अजूनही मी गावात एस.टी.तून उतरलो की पारावरून हाक येते, "काय विशाल, कधी येऊन राह्यले मंग?" मी कधी आलो, असं कुणी विचारत नाही. 'ते' कधी येणार, एवढंच विचारतात. 'ते' म्हणजे काय, कळेलच तुम्हाला. चहा येऊ द्या.

मी जालन्यात एम.ए. केलं आणि परीक्षेचा निकाल लागायच्या आतच एक गोष्ट ठरवून टाकली. आपल्या भागातलं गाणं डीजेनं मारलं आहे आणि ते जिवंत करणं ही माझी जबाबदारी आहे. ही जबाबदारी मला दिली कुणी? कुणीच नाही. अशा जबाबदाऱ्या आपण होऊनच घ्यायच्या असतात, आणि घेतल्यावर त्या बहुतेक आईच्या अंगावर पडतात.

गावात किसनमामा आहेत. गावनात्यानं मामा. ढोलकी अशी वाजवतात की बसलेला माणूस मांडी बदलतो. वर उभ्या उभ्या पदं रचतात, समोर जो दिसेल त्याच्यावर. पण वरातीत डीजे आला आणि मामांची ढोलकी खुंटीला गेली. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मामा, उघड्या रानात संगीत मेळा भरवू. तुम्ही गायचं. हजार माणूस आणतो."

मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "हजार कशाला? पन्नास आण. पर ऐक भाच्या, मागच्या दोन बाऱ्याला मी रिकाम्या सतरंजीसमोर गायलो. या बारीला पन्नास बी न्हाई आले, तर मी ढोलकी देऊन टाकतो. डीजेवाला मागून राह्यला. दुकानात शोभेला टांगतो म्हनं."

शोभेला. हा शब्द माझ्या काळजात घुसला. आता माघार नव्हती.

जागा ठरली: माझा मित्र संतोष याचं रस्त्याकडेचं पडीक वावर. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे. आणि चार दिवस आधीपासून पाऊस लागला.

आमची काळी माती तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. दहा पावलं चाललात की तळव्याला एकेक भाकर चिकटते. वीस पावलांत तुमची उंची चार बोटं वाढते. पन्नासाव्या पावलाला तुम्ही पुढे जाता आणि चप्पल मागे राहते. गावातली माणसं यावर हजार वर्षांपासून एक उपाय करतात. चपला हातात घेतात आणि चालतात.

पण मी शिकलेला होतो. आदल्या वर्षी शहरातल्या एका मोकळ्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाला मी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गेल्तो आणि एकच बूट घेऊन परत आल्तो. तेव्हापासून चिखलातली पादत्राणं हा माझा अभ्यासाचा विषय झाला होता. सँडलचे पट्टे तुटतात. स्पोर्ट शूज पाणी पितात. अनवाणी म्हणाल तर काटा, काच, इंचू. उत्तर एकच, गमबूट.

नव्या जालन्यात स्टेशनच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "काय काम करता? बोअरवेल का सिमेंट?"

"संगीत," मी म्हणालो.

त्यानं थोडा वेळ माझ्या पायाकडे पाहिलं. "आठ नंबर न्हाई. नऊ हाये. दोन मोजे घाला, बराबर बसंल."

नऊ नंबरचा जोड घेऊन घरी आलो. आईनं तो उलटापालटा करून पाहिला, मग पायात घातला आणि अंगणातून दोन चकरा मारल्या. तिचा पाय पाच नंबरचा. बूट पुढे जायचे, आई मागून जायची.

"बरे हायेत की रे," ती म्हणाली. "वावरात निंदायला जाताना बरे. पायाला पानी लागत न्हाई."

"आई, काढ ते," मी म्हणालो. "कार्यक्रमासाठी आणलेत. चिखल नको लावू."

होय. चिखलासाठी आणलेल्या बुटांना चिखल लावू नको, असं मी माझ्या आईला सांगितलं. बूट काढून पुसून तिनं दाराआड उभे करून ठेवले. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी मी गावाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. साडेतीन पानांचं होतं. लोककला, माती, बाजारूपणा, आपली ओळख, सगळं त्यात होतं. लिहिताना माझेच डोळे दोनदा भरून आले. शेवटी दोन ओळी ठळक अक्षरांत: 'चिखल असल्याने सर्वांनी गमबूट घालावेत. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी आपले नाव व पायाचा नंबर कळवावा, व्यवस्था केली जाईल.' माझ्या डोक्यात जालन्याहून येणारे पाच-सहा मित्र होते. बियाण्याच्या कंपनीत कामाला असलेला एक दोस्त प्लॉटवरचे दहा-बारा जोड एका दिवसासाठी देणार होता.

साडेतीन पानं कोण वाचतं? पहिल्याच माणसानं वरचा सगळा भाग कापला आणि शेवटच्या दोन ओळी तेवढ्या पुढे पाठवल्या.

आता आमच्याकडची एक गोष्ट समजून घ्या. कुणी कागद-पेन घेऊन तुमचं नाव विचारलं, तर ती योजना असते. शिलाई मशीन असो, फवारणीपंप असो, ताडपत्री असो. माणूस कोण, खातं कोणतं, हे नंतर बघायचं. आधी नाव लावायचं, झेरॉक्स जोडायची.

मला फोन सुरू झाले. पहिला फोन मला अजून पाठ आहे.

"विशालभाऊ, ते घरटी एक हाये का माणशी?"

मला वाटलं, घरातून किती जणांनी यायचं हे विचारतोय. "माणशी, काका. घरातले सगळे आले पाहिजेत."

"बायकांला बी?"

"बायकांना तर आधी. आजपर्यंत त्यांना कुणी विचारलंय का?"

"व्हय ना. अन् लेकरं?"

"लेकरांनाच तर खरी गरज आहे. या वयात सवय लागली तर लागली."

"बरं, जातीचा दाखला लागतो का?"

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो. "काका, कलेला जात नसते."

"बरं झालं. तहसीलला लई खेटे घालावं लागतेत. पुढल्या साली परत भेटंल का?"

"दर साली," मी म्हणालो, आणि फोन ठेवून संतोषला मिठी मारली. "बघ, लोकांना भूक आहे."

संध्याकाळपर्यंत माझा मोबाईल नावांनी आणि पायाच्या नंबरांनी भरला. कुणी आधार कार्डाचा फोटो पाठवला, कुणी सातबारा. संतोष म्हणाला, "अबे, गाणं ऐकायला सातबारा काहून पाठवून राह्यले लोकं?" मी म्हणालो, "शिस्त आहे रे. सरकारनं लावलेली सवय." संतोषचा हाच दोष. शंका बरोबर काढतो आणि लगेच मागे घेतो.

कार्यक्रम दुपारी चारचा. साडेतीनलाच वावरात पाय ठेवायला जागा नव्हती. धावडा होतंच, आजूबाजूची गावंही होती. आणि गंमत बघा, सगळी गर्दी अनवाणी. एकाच्याही पायात चप्पल नाही. जालन्याचे मित्र पावसामुळे आलेच नव्हते, आणि कंपनीतल्या दोस्ताचे बूटही. मी नऊ नंबरचे गमबूट घालून ट्रॉलीजवळ उभा राहून ते बघत होतो आणि गहिवरत होतो. मी निमंत्रणात मातीशी नातं जोडायला सांगितलं होतं, लोकांनी चपला घरी ठेवल्या होत्या. पुढच्या रांगेत आई. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. जन्मात माझ्या एकाही भाषणाला न आलेली आई.

किसनमामा ढोलकी मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसले होते. त्यांनी गर्दी पाहिली, ढोलकीची दोरी कसली, मग पुन्हा गर्दी पाहिली. "भाच्या," ते हळूच म्हणाले, "मी तुला वळखलं न्हवतं."

बस. मी माईक हातात घेतला.

"माझ्या बांधवांनो आणि भगिनींनो, तुमचे हे अनवाणी पाय पाहून माझं मन भरून आलं."

टाळ्या.

"आजवर तुमच्यापासून फक्त काढून घेतलं गेलं. तुम्हाला कुणी काही दिलं का?"

"न्हाई," वावर गरजलं.

"आज आपण देणार आहोत. कुणीही रिकामं जाणार नाही."

एवढ्या टाळ्या मी फक्त टीव्हीवर ऐकल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर मागून एका बाईचा आवाज आला, "लाईन कुठून लावायची?"

मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली. जीपच्या काचेवर 'भावी जि. प. सदस्य' लिहिलेलं, आणि आतून भावी नाना उतरले. नानांना सगळा तालुका 'भावी नाना' म्हणतो, कारण तीन निवडणुका झाल्या तरी ते भावीच आहेत. त्यांच्यामागून दोघांनी एक फ्लेक्स आणला आणि मी काही बोलायच्या आत माझ्या पाठीमागे ट्रॉलीला बांधला.

मी वळून वाचलं. हात जोडलेले नाना, आणि खाली: 'नानांच्या अथक पाठपुराव्यास यश. भव्य मोफत गमबूट वाटप सोहळा.'

मी माईक बाजूला धरून म्हणालो, "नाना, हे काय?"

नाना कानात म्हणाले, "मंजुरी कोणाकडून आणली, मला न्हाई सांगितलं तू. असू दे. वाटप मात्र माझ्या हातानं."

"नाना, कसलं वाटप? गाणं आहे. फक्त गाणं."

माईक बाजूला धरला होता, पण चालू होता. 'फक्त गाणं' हे दोन शब्द त्या अख्ख्या वावरावरून फिरून परत आले.

पुढच्या रांगेतून एक आजोबा उठले. त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"मंग ह्याच्या पायात काय हाये? ह्याला कसं भेटलं?"

सगळं वावर माझ्या पायाकडे बघू लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी स्वतःचं करून घेतेत, मंग गाणं लावतेत." दुसरा म्हणाला, "म्या दिवसाची मजुरी बुडवून आलो इथं." नाना तोवर जीपमध्ये बसले होते. फ्लेक्स मात्र राहिला. लोक उठू लागले. मी मामांकडे पाहिलं. मामांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली होती आणि तिची गवसणी शोधत होते.

लोकांना थांबवायचं म्हणून मी ट्रॉलीवरून उडी मारली.

काळ्या मातीत. नऊ नंबरच्या बुटांसह. दोन मोजे घालून.

उजवा बूट नडगीपर्यंत आत गेला. मी ओढला, पाय वर आला, बूट आलाच नाही. मी एका पायावर उभा, दुसऱ्या पायात दोन मोजे, आणि समोर निम्मी उठलेली गर्दी. "थांबा," मी ओरडलो, "माझं ऐकून घ्या." आणि हे म्हणता म्हणता तो मोज्यांचा पाय टेकवून आडवा झालो.

तेव्हा ढोलकीवर एक थाप पडली. मामांचा आवाज आला. माईकही नव्हता.

भाच्यानं आणला गमबूट बाई,
एक पाय बुटात, दुसरा न्हाई!

उठलेले लोक वळले. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मामांनी थाप बदलली.

नाना म्हने मी मंजूर केला,
चिखल म्हने मी जप्त केला!

आता सगळं वावर हसलं आणि जो उठला होता तो जिथं होता तिथं चिखलात बसला. मामांनी मला सोडलं नाही. माझ्या एम.ए.वर एक कडवं, दोन मोज्यांवर एक, साडेतीन पानांच्या निमंत्रणावर तर तीन. मी बूट उपटायला वाकलो की ढोलकी वाजायची, मी थांबलो की थांबायची. सूर्य मावळेपर्यंत मामा गायले. मग त्यांची जुनी पदं काढली, आणि लोकांनी तीही ऐकली. शेवटी त्या मजुरी बुडवलेल्या माणसानं विचारलं, "मामा, माझ्या पोराच्या लग्नात येताल का? डीजे न्हाई सांगत मंग." ढोलकी काही दुकानात टांगली गेली नाही.

माझा संगीत मेळा यशस्वी झाला. त्यात माझं काम फक्त पडण्याचं होतं.

लोकांनी येताना पिशव्यांतून झेरॉक्स जोडलेले अर्ज आणले होते, ते जाताना मात्र परत नेले नाहीत, ट्रॉलीत ठेवून गेले. "असू द्या," म्हणाले, "कधी आलेच तर." त्या पिशव्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर घेऊन बसलो. एकेकाला फोन करून माफी मागायची, असं ठरवलं होतं. चौथा का पाचवा अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला होता. अक्षर शेजारच्या मुलीचं, सही आमच्या आईची.

धंदा: शेती. पायाचा नंबर: पाच. कुटुंबात शिकलेले: एक. कमावते: एक, तो वेगळा.

आणि खाली, मागणीचे कारण: 'घरात एक जोड आहे. पण तो चिखलात घालायचा नाही, असे मुलाचे म्हणणे आहे.'