फटफटीची फितुरी

ती फटफटी आठवली की आजही बसल्या जागी मला हसू येतं. त्या वेळी मात्र ठाण्यात कुणालाच हसू येत नव्हतं, कारण तिच्यापायी एका सरळ माणसाच्या उभ्या नोकरीला बट्टा लागायची वेळ आली होती.

शहापूर-मुरबाड भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक दिवस एक बाई तावातावाने आल्या. "साहेब, म्हशाच्या जत्रेत बैल इकला, न् तसाच परस्पर पत्त्यांवर जाऊन बसला आमचा मानूस. त्याला आना नाय तर मला तरी आत टाका!" जागा त्यांनी नेमकी सांगितली. डोंगराच्या उतरणीखाली एक पाडा, पाड्यामागे आंबा आणि आंब्याखाली भरदुपारी तीन पत्तीचा डाव. खेळणारे सगळे बाहेरगावचे.

आमची एकुलती एक जीप कायम बंदोबस्तात. राहिली ती जुनी सरकारी मोटारसायकल. उभी असली की थरथरायची, मध्येच ठोका चुकवायची, पण चालायची. तिच्यावर मी आणि आमचे हवालदार, मागून दोन शिपाई त्यांच्या गाडीवर, अशी धाड निघाली. आंब्याखाली सापडली एक सतरंजी आणि विड्यांची थोटकं. दुसऱ्या धाडीला सतरंजीही नव्हती.

खाली मोबाईलला रेंज नाही, म्हणजे आम्हाला वाटेत पाहून कुणी फोन केला असंही नाही. वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की बातमी ठाण्यातूनच फुटते. त्यात हवालदारांची बहीण त्याच बाजूला दिलेली. झालं! फितुरीचा ठपका ठेवून त्यांच्या बदलीचा प्रस्ताव पाठवा, असा तोंडी हुकूम आला.

मी हवालदारांना केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि खोदून खोदून विचारलं. त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. शेवटी टोपी टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, बहीण दिली म्हणून मी फितूर, तर निम्मं ठाणं फितूर निघेल. बदली खुशाल करा, गडचिरोलीला टाका. पण कागदावर तो शब्द नको. वर्षभरात रिटायर होतोय. गावात कुठल्या तोंडाने फिरू?" प्रस्ताव मी आणखी एका धाडीपुरता थांबवला.

तिसऱ्या धाडीचं मी कुणालाच सांगितलं नाही. "चला, जरा फेरी मारून येऊ," एवढंच म्हणून हवालदारांना घेऊन निघालो आणि वाटेत गाडी एकदम उतरणीला घातली. खाली पोचलो तर आंब्याखाली चिटपाखरू नाही! धाडीची माहिती असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो मी.

हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, प्रस्ताव आता कुणाच्या नावाने पाठवायचा?"

तेवढ्यात पाड्यातल्या पहिल्या घरातून एक आजी ताटलीत दोन कप वाफाळता चहा घेऊन आल्या. आधीच्या दोन्ही वेळी मी तो मुकाट्याने प्यालो होतो. या वेळी कप ओठापाशी थांबला. आम्ही आत्ता येतोय आणि चहा उकळून गाळून तयार?

"आजी, आम्ही येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल? तुमीच सांगता की! वरल्या वळनावरनं गाडी खाली लागली का ढाम् ढाम् बार काढते. मंग मी आधन ठेवते. तुमी हितवर येस्तवर उकळी फुटते."

"आणि ते पत्तेवाले?"

"ते बी उठतात. पन सावकाश हां, पळत कोन नाय. मागल्या टायमाला तर डाव पुरा करून गेले."

हवालदारांनी वळून फटफटीकडे पाहिलं. ते बार आम्हीही ऐकत होतो की! पण रोजचं रडगाणं म्हणून कान देत नव्हतो.

गाडी सापगावजवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने ती स्टँडवर लावून रेस दिली. थोडी अडखळली, पण बार एकही नाही. प्लग, फिल्टर आम्ही आधीच बदलले होते. "हिला काय धाड भरलीय? मस्त चाललीय," तो म्हणाला. मग त्याला मागे बसवून थेट त्या उतारावर आणलं. गिअरमध्येच रेस सोडली आणि असा बार निघाला की गड्याने माझ्या कमरेला मिठीच मारली.

खाली उतरून त्याने सायलेन्सर इंजिनाला जोडतात तिथली काळी काजळी दाखवली. "सांध्यातली ही चकती, गॅस्केट म्हनतात, ती जळालीय साहेब, हितनं हवा आत शिरते. वर कार्ब्युरेटरचा बारका जेट चोंदलाय. रेस सोडली का पेट्रोल नीट जळत नाय, तसंच सायलेन्सरमंदी येतं. तिथं हवा भेटली का फुटलंच. सपाटीला रेस चालू असते, म्हनून गप. उतारालाच तोंड उघडते ही." आणि त्याने खिशातून पाना काढला.

"खबरदार पान्याला हात लावशील तर!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आणि पंचांना घेऊन मी मागच्या बाजूने, कोरड्या ओहळातून पायी गेलो. फटफटी दिली एकट्या हवालदारांकडे. ठरल्या वेळी वरून ढाम् ढाम् सुरू झालं. अहाहा, काय गोड वाटलं म्हणून सांगू! पाचेक मिनिटांत मंडळी रांगेने ओहळाच्या वाटेला लागली. पुढच्याच्या काखेत सतरंजी. मला पाहून तो थबकला, वर डोंगराकडे बघून अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाला, "ओ साहेब, तुमी हितं कसं? तुमची गाडी तर अजून वरच हाय!"

बैल विकलेले गृहस्थही रांगेत होते. पंचनामा झाला, मुद्देमालात सतरंजीही लागली. मग मी वरिष्ठांना फोन केला.

"सर, फितूर सापडला."

"कबूल झाला?"

"सर, तो पहिल्या दिवसापासून बोंबलून कबुली देत होता. आम्हीच ऐकत नव्हतो." आणि सगळी हकीकत सांगितली. प्रस्तावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. घरातल्या माणसावर संशय घेण्याआधी आपण स्वतः कसे, काय गाजावाजा करत आलो, हे मी आधी बघू लागलो. सराईत गुन्हेगार पकडण्यापेक्षा हे अवघड जातं.

हवालदार बिनडाग निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतलं आणि वर, गाडीच्या दुरुस्तीत निघालेलं ते जळकं गॅस्केट मागून नेलं. आता त्यांच्या ओटीवर ते खिळ्याला टांगलेलं आहे. मी अधूनमधून जातो. दारात मला पाहिलं की ते आत बघून हाक मारतात, "अगं, साहेब आलेत!" आणि मला म्हणतात, "बसा. चहाला वेळ लागेल. हल्ली तुम्ही आवाज न करता येता."