सोनेरी साचा

फोर बाय फोर गाडी आतून-बाहेरून माझ्याएवढी बघितलेला माणूस अख्ख्या पेणमध्ये सापडायचा नाय. आतून म्हंजे ती गॅरेजात उघडी पडलेली असताना, आणि बाहेरून म्हंजे मागून ढकलताना.

ते गॅरेज वस्तादांचं. पेणच्या गाडीवाल्यांना वस्तादांचे पाय ओळखीचे. तोंड ओळखीचं असेलच असं नाय, कारण माणूस कायम गाडीखाली. गिऱ्हाईकाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाय. गाडीत जे बिघडलंय तेच नाव. "ए क्लच, उद्या ये." "रेडिएटर, तुझी बायको फोन करते, उचल." मला मात्र काय पण बिघडलेलं असो, हॉर्नच म्हणायचे. "हॉर्न, गप बस, काम करू दे."

माझा धंदा गणपती पोचवायचा. पेणच्या कारखान्यातनं मूर्ती उचलायच्या आणि गावोगाव न्यायच्या. रोह्याच्या वर डोंगरात एक वाडी हाय, पावसाळ्यात तिथला रस्ता म्हंजे नुसता चिखल. चारी चाकांना जोर लागतो, म्हणून माझीच गाडी तेवढी चढते. त्या वर्षी सणाच्या तोंडावर गडब गावाजवळ गिअरबॉक्स फुटला. मी वस्तादांना न विचारता भंगारातनं दुसऱ्या मॉडेलचा आणला आणि वाडीला सांगून टाकलं, गणपती येतायत.

वस्तादांनी तो बसवला आणि खालूनच म्हणाले, "हॉर्न, नवरी बघितलीस, सासू कोण बघणार?"

सासू म्हंजे ट्रान्सफर. गिअरबॉक्सच्या मागं एक डबा असतो, तो इंजिनचा जोर पुढच्या चाकांना पण वाटून देतो. माझा जुना डबा नव्या गिअरबॉक्सला लागेना.

"शाफ्टचे दात जुळले पायजेत, बोल्टची भोकं जुळली पायजेत, आणि पुढचा शाफ्ट आपल्याला लागतो त्याच बाजूनं निघाला पायजे. एक चुकलं तरी दारात ठेवायला दगड झाला."

मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढतो आणि रोह्याला भंगारवाल्या काकीकडं जातो.

"फोटोवर भरवसा ठेवून तुझी बायको फसली. परत नको."

"मग माप घ्यायला कॅलिपर द्या."

"त्यानं तू पाठ खाजवशील."

त्यांनी शाडूचा गोळा घेतला. पेणला माती काय कमी? नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, भोकांवर दाबून ठसा काढला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिला. "असाच ने. उघडू नको."

आता मातीतलं मला शिकवणार? माझा जन्म कारखान्याच्या दारात गेलाय. वाटलं, मऊ साचा एसटीत चेपला तर? म्हणून तो उन्हात ठेवला, मग कारखान्यातल्या हॅलोजनखाली ठेवला, पार खडखडीत केला. वाळल्यावर भकास दिसायला लागला, म्हणून उरलेला सोनेरी रंग मारला. रोह्याच्या काकीनं आधी हात जोडले, मग विचारलं, हे कुठल्या देवाचं?

तिच्या ढिगातला एक एक डबा साच्यासमोर धरला. एक असा जुळला की मला रडू आलं. पेणला आणला तर शाफ्ट आत जाईना, आणि भोकं भोकांच्या शेजारी येत होती.

वस्ताद गाडीखालून बाहेर आले. हे क्वचित घडायचं. नखानं सोनेरी रंग खरवडला. "माती वाळली की आकसते, हे पेणच्या शेंबड्या पोराला ठाऊक हाय. फडकं कुठाय?"

"डोक्याला बांधलं. ऊन होतं."

मी हसलो. ते हसले नाय. "वाडीत माणसं वाट बघत असतील ना रं," एवढंच म्हणाले.

कंबर धरल्यापासून वस्ताद पेणबाहेर गेले नव्हते. त्यांची बायको, म्हंजे आमच्या वैनी, नको नको म्हणत असताना नवा ओला ठसा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले आणि रोह्यापर्यंत फडक्यावर पाणी शिंपडत राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण आजारी हाय काय?"

"व्हय," वस्ताद म्हणाले, आणि माझ्याकडं बोट केलं.

काकीकडं त्यांनी एक डबा उचलला, शाफ्ट हातानं फिरवला, परत ठेवला. दुसरा घेतला. तो ठशाला बरोबर बसला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाडीचे गणपती वर चढले. मी उतरल्या उतरल्या लोकांना ऐकवायला लागलो, डबा कसा जुळवला ते. वस्ताद अख्खा चढ मागं मूर्ती धरून बसले होते. म्हणाले, "हॉर्न, त्यांना देवाच्या पाया तरी पडू दे."

गेल्या थंडीत वस्ताद गेले. डबा अजून चालतोय. दरवर्षी सणाआधी ते त्यातलं ऑइल बघायचे, बोल्ट आवळायचे. ह्या वर्षी मी गाडी घेऊन गेलो, तर अर्ध्या शटरच्या आत वैनी एकट्याच हत्यारं पुसत होत्या.

"वैनी, पाना द्या," मी म्हटलं, "डबा मीच उघडून बघतो."

वैनी पदर खोचून गाडीखाली गेल्या. बोल्ट चाचपले, ऑइल बोटावर घेऊन बघितलं. बाहेर येऊन हात पुसले आणि पाना परत जागेवर टांगला.

"डब्याला काय झालं नाय. वाडीचे गणपती पोचायला हवेत ना? मग तू उघडू नको."