जगदेवी नावाच्या दोघी

मी बार्शीत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. माझी स्कूटर मी मुद्दाम अमावास्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. स्टाफरूममध्ये कुणाच्या अंगात आलं, कुणाला काय दिसलं अशा गप्पा सुरू झाल्या की मी वह्या तपासायला घ्यायचे. त्यामुळे मी हे लिहिणार म्हटल्यावर आमचे मिस्टर नुसते हसले. पण ते त्या दिवशी तिथं नव्हते. मी होते.

सगळ्यांची नावं बदलली आहेत… दोन सोडून. एक जगदेवीचं – ते बदलायची माझी हिंमत नाही. दुसरं माझ्या बहिणीचं – ते एकदा बदलून झालंय, आता पुन्हा नाही.

माझी धाकटी बहीण वैजयंती. आम्ही वैजू म्हणतो. वडील गेल्यावर तिचं लग्न लांबत गेलं, तिशी उलटली, आणि मग सोलापूरचं एक स्थळ सांगून आलं. राजशेखर. बिजवर, मूलबाळ नाही, पहिली बायको हार्ट ॲटॅकनं गेलेली. घरी तो आणि त्याची आई. घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं, आईला सगळे अव्वा म्हणायचे. जुळे सोलापुरात बंगला आणि अक्कलकोट रोडला स्वतःचं मंगल कार्यालय. कार्यालयाचं नाव जगदेवी.

मला वाटलं, कुलदेवीचं नाव असेल. ते त्या पहिल्या बायकोचं होतं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहितात. राजशेखरनं लिहिलं – जगदेवी. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, “अहो, चुकून जुनं नाव लिहिलंत.”

अव्वा पटकन म्हणाल्या, “चुकून न्हाय ओ. बोर्डावर तेच नाव, पातेल्यांवर तेच, खुर्च्यांवर तेच. आता ते सगळं पुसत बसू व्हय? त्यापरीस हिचंच बदललं की झालं!”

मांडवात लोक हसले. वैजूही कसनुसं हसली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की आईनं माझा हात घट्ट दाबून धरला.

म्हणजे माणसापेक्षा पातेली महाग. हे त्या घरातलं पहिलंच वाक्य मी ऐकलं आणि ते शेवटपर्यंत खरं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वैजूकडे राहायला गेले. सोलापूरचं ऊन… सांगायला नको. सकाळीच आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. खाली हॉलमधून अव्वांची हाक आली, “जगदेवी, पाणी आण गं.”

वैजू हात पुसत उठणार, तेवढ्यात खालूनच आवाज आला, “आले हं, अव्वा.”

बाईचा आवाज. जरा घोगरा, शांत. मला वाटलं, कामवाली असेल. मी खाली वाकून कुरडई घालत राहिले. मग वैजूकडे पाहिलं. ती तशीच अर्धवट उठलेली, गुडघ्यावर हात ठेवून. म्हणाली, “अक्का, कामवाली सुट्टीवर आहे.”

वैजू पाण्याचा पेला भरून घेऊन गेली तर अव्वा झोपाळ्यावर बसलेल्या, हातात तांब्या. “आता दुसरं कशाला आणलंस? आत्ताच दिलंस की,” असं म्हणून त्यांनी घोट घेतला आणि थुंकलाच. “मिठाचं पाणी देतीस व्हय गं मला?”

मी तांब्यातलं पाणी बोटावर घेऊन चाटून पाहिलं. खारट नाही… कडू. एवढं की जीभ आत ओढली गेली.

मला म्हणाल तर मी तेव्हाही मनाशी उत्तर जुळवलं. शेजारच्या घरातला आवाज. पाण्याच्या टाकीत काहीतरी गेलं असेल. टाकी उघडून पाहिली, स्वच्छ होती. वैजू म्हणाली, “अक्का, हे नेहमीचं आहे. मला ते नाव अजून सवयीचं नाही, म्हणून मी उशिरा ओ देते. माझ्या आधी कुणीतरी देतं.”

“मग राजशेखररावांना सांगितलंस का?”

“सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि बाहेर निघून गेले. पण तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. अगं, ए, अशीच मारतात.”

पावसाळ्यात वैजू पंचमीला माहेरी आली होती, मीही आईकडे गेले होते. रात्री आम्ही सगळे जेवायला बसलेलो. राजशेखरचा फोन आला, तो सरळ ओरडतच. “तू कधी आलीस आणि कधी गेलीस? अव्वाला किती गोळ्या दिल्यास?”

वैजूच्या तोंडात घास. फोन मी घेतला. म्हटलं, “ती कालपासून माझ्यासमोर आहे. काय झालं ते नीट सांगा.”

झालं असं होतं – अव्वांना शुगर. दुपारी त्यांनी सवयीनं हाक मारली, जगदेवी, गोळी दे. कुणीतरी तळहातावर गोळ्या ठेवल्या. डोळे मिटून पडल्या होत्या, तशाच त्यांनी गिळल्या. राजशेखर घरी आला तेव्हा बेशुद्ध. आता दवाखान्यात होत्या. शुद्धीवर आल्यावर एकच सांगत होत्या – सुनेनंच दिल्या.

मी म्हटलं, “हवं तर व्हिडिओ कॉल करा. तिचं ताट दाखवते.”

त्यानं फोनच ठेवला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली. ज्याला काहीच माहीत नसतं तो दहा प्रश्न विचारतो.

वैजू म्हणाली, “अक्का, मला तिच्या आईला भेटायचंय.”

जगदेवीचं माहेर अक्कलकोट. मठापासून थोड्या अंतरावर, एका बोळात. दार उघडलं ती उंच, वाळलेली म्हातारी. वैजूनं आपण कोण ते सांगितलं, तशी ती चौकटीला धरून उभी राहिली. “माज्या लेकीचं नाव घिऊन नांदतीस व्हय तू?”

“मी घेतलं नाही, मावशी. माझ्यावर घातलं,” वैजू म्हणाली आणि रडायला लागली. तेव्हा तिनं आम्हाला आत घेतलं.

म्हातारीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

“कार्यालयात मोठ्या माणसाकडलं लगीन होतं. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. घामानं भिजली. दवाखान्यात न्या म्हणाली, तर सासू म्हणती, पाव्हण्यांसमोर तमाशा नको. भांड्याच्या खोलीत बसवली अन् भाएरून कडी घातली. तितनं तिनं मला फोन लावला की. म्हणाली, यव्वा, दार उघडीनात. पंगत उठू दे म्हणत्यात. मी जावयाला फोन लावला, त्यानं कट केला. परत लावला, परत कट. मी रिक्षा करून गेले. पंगत उठली होती. माजी लेक बी गेली होती.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “पोलिसात गेले. हार्ट ॲटॅक म्हणाले. हार्ट ॲटॅकच होता की. मी कुटं न्हाय म्हणते? कडी कुणी घातली, ते कोण लिवनार?”

आम्ही परत येताना एसटीत वैजू खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी समजूत घालायला गेले तर म्हणाली, “मला त्यांचं काही नको. माझी सर्टिफिकेटं आणि आईनं घातलेल्या पाटल्या आणायच्या, आणि संपलं.”

दोन्ही गोष्टी कार्यालयाच्या ऑफिसातल्या कपाटात होत्या. राजशेखर म्हणाला, मी तिथंच आहे, काढीव मुहूर्ताचं एक लग्न आहे, दुपारी या. आम्ही गेलो. कमानीवर भलं मोठं ‘जगदेवी’, खाली झेंडूच्या माळा. आत डीजे एवढा, की छातीत ठोके बसत होते. पंगत सुरू होती. अव्वा दवाखान्यातून येऊन थोडेच दिवस झाले होते, तरी वाढप्यांवर ओरडत फिरत होत्या. वैजूला बघून न बघितल्यासारखं केलं आणि मागं निघून गेल्या.

आम्ही पाटल्या घेतल्या, सर्टिफिकेटं घेतली. मागच्या दारानं निघालो, कारण पुढं वरातीची गर्दी. मागं स्वयंपाकाचा मांडव आणि भिंतीला लागून भांड्यांची खोली. लोखंडी दार, बाहेरून कडी घातलेली.

आणि आतून दार बडवल्याचा आवाज.

“जगदेवी! ए जगदेवी! दार उघड गं… जीव घाबरा होतोय!”

वैजू पळाली. काही झालं तरी माझी बहीण आहे ती, तिचं मन तसलं नाही. ती दाराशी पोचायच्या आत, अगदी दाराजवळून, शांतपणे, कुणीतरी म्हणालं, “आले हं, अव्वा. पंगत उठू दे.”

तोच आवाज. डीजे चालू असताना तो एवढा स्पष्ट कसा ऐकू आला, मला सांगता येत नाही. दाराजवळ कुणीही नव्हतं. नुसती उलटी घातलेली पातेली होती.

वैजूनं कडी ओढली. हलेना. मी ओढली. दोघींनी मिळून ओढली. ऊन लागलं की लोखंड प्रसरण पावतं, हे मीच पोरांना शिकवते – पण ते दार तर सावलीत होतं. आचारी धावत आला. म्हणाला, “आवो, सूनबाई हितंच हुब्या होत्या की आत्ता! मी विचारलं, जगदेवीवहिनी, आत कोण हाय? तर म्हणल्या, कोण न्हाय, तू वाढायला जा.” मग त्यानं वैजूकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “ह्या न्हवत्या.” तो नवीन होता. जुन्या सुनेला त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं.

कुणीतरी राजशेखरला बोलावलं. तो हातोडा घेऊन आला. कडीवर घाव घालत राहिला, हातोडा उडून परत यायचा. आत अव्वांचा आवाज बसत चालला होता. पाणी मागत होत्या. राजशेखर घामाघूम होऊन वैजूवर ओरडला, “जगदेवी, बघत काय उभी राहिलीस? कर की काहीतरी!”

कित्येक महिन्यांनी त्यानं ते नाव घेतलं होतं. वैजू मागं सरकली. म्हणाली, “माझं नाव वैजयंती. ज्यांचं ते नाव आहे, त्यांना सांगा.”

राजशेखरचा हात थांबला. हातोडा खाली पडला. मग त्या माणसानं, सिल्कच्या झब्ब्यात, आचाऱ्यांसमोर, दाराला कपाळ लावलं. “जगदेवी… उघड. चुकलं माझं. तुझा फोन… तुझ्या आईचा फोन… मी उचलायला पाहिजे होता. उघड गं.”

उत्तर आलं. ह्या वेळी त्याच्या अगदी कानाजवळून आलं असावं, कारण तो दचकून वळला.

“पंगत उठू दे.”

आम्ही सगळे तिथं उभे. करण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी आत हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या, शेवटची पंगत उठली, आणि कडी आपोआप सरकली. झटका नाही, आवाज नाही. कुणी नेहमीच्या सवयीनं उघडावी तशी.

अव्वा जिवंत होत्या. पातेल्यांच्या मधे बसलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर, उष्णता, त्यातून लकवा. ते खरंच आहे, मी डॉक्टरांना खोटं ठरवत नाही. वाचा गेली ती गेलीच. आता अंथरुणावर आहेत. सगळं कळतं, पण कुणाला हाक मारता येत नाही.

अव्वांना गाडीत घालेपर्यंत मी तिथंच होते. नंतर त्या कडीला हात लावून पाहिला. एका बोटानं सरकत होती.

राजशेखरनं कार्यालयाचा बोर्ड उतरवला, दुसरा लावला. लग्नं मात्र तिथं कुणी करत नाही आता. वैजू बार्शीत आहे, एका दुकानात अकाउंट्सचं काम करते. आधार कार्डावरचं नाव पुन्हा बदलून घ्यायला तिला किती हेलपाटे पडले ते वेगळंच. पण आलं शेवटी.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, मनाचे खेळ. मीही म्हणून पाहिलं. पण वैजूनं, मी, आचाऱ्यानं आणि राजशेखरनं – चौघांनी एकच खेळ कसा खेळला? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू… मी आता शोधतही नाही.

सगळं झाल्यावर आम्ही एकदा अक्कलकोटला जाऊन आलो. म्हातारी चुलीपुढं भाकऱ्या करत होती. वैजूनं सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, “आतनं पाणी मागत होती का ती?”

“हो,” वैजू म्हणाली.

“मिळालं?”

“नाही.”

म्हातारीनं भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत बघत राहिली. मग आम्हाला म्हणाली, “बसा. जिवूनच जावा.”