मैत्रिणीच्या हॉलमधली पथारी

उन्हाळ्यात रेक्झिनच्या सोफ्यावर निजलं की पहाटे अंग त्याला चिकटलेलं असतं, आणि उठताना कातडी सुटते तेव्हा बारीक चरचर आवाज होतो. वसईला नंदिनीच्या घरी राहत होते त्या दिवसांत मला त्या आवाजाची लाज वाटे. आतल्या खोलीत नंदिनी, तिचे यजमान आणि लहानगी निजलेली असत. आपल्या जागं होण्याचाही कुणाला उपद्रव होऊ नये, इतकी मी संकोचून गेले होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हात उगारणाऱ्या नवऱ्याचं नाशिकचं घर मी सोडलं होतं. माहेरी भावाने दार उघडलं, मन उघडलं नाही. वसईच्या एका शाळेत रजेच्या जागेवर नोकरी मिळाली, तेव्हा डी.एड.च्या वसतिगृहात माझ्यासोबत एका ताटात जेवलेली नंदिनी म्हणाली, "खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहा. सोफा-कम-बेड काय नुसता टीव्ही बघायला घेतलाय?"

दुसऱ्याच्या घरी राहण्याचं एक अलिखित शास्त्र असतं, आणि निराधार माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही. घर उठण्याआधी उठावं, अंथरुणाची घडी कपाटामागे सारावी, पलंगाचा पुन्हा सोफा करावा. पाणी टँकरचं, म्हणून अर्ध्या बादलीत आंघोळ उरकावी. वर्तमानपत्राची पहिली घडी आपण मोडू नये. भाजी वाखाणावी, पण दुसऱ्यांदा मागू नये. नवरा-बायकोत कुरबुर सुरू झाली की आपल्याला वाण्याकडे काम निघावं. रविवारी दुपारी त्यांचं घर त्यांना परत द्यावं. मी किल्ल्यात जाऊन बसे, पडक्या चर्चच्या सावलीत मुलांचे पेपर तपासत. स्वतःला इतकं पुसून टाकल्यावर आपण कुणाला जड होणार नाही, अशी माझी भाबडी समजूत होती.

खोली मात्र मिळत नव्हती. "मिस्टर कुठे असतात?" एवढंच घरमालक विचारत, आणि उत्तर ऐकून दार लोटून घेत. मी नंदिनीला विचारी, "अडचण होत नाही ना गं?" ती म्हणे, "वेडी आहेस का?" आणि तिच्या स्वरातलं ओशाळलेपण मला ऐकू येत नसे. की ऐकायचंच नव्हतं?

अशाच एका रविवारी संध्याकाळी मी परतले, तर सोफ्यावर माझा नवरा बसला होता. दाराशी माझी बॅग भरून ठेवली होती.

"मीच फोन केला ह्यांना," नंदिनी म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुझ्या भल्यासाठीच. संसार असा मोडायचा असतो का?"

"चल," नवरा म्हणाला. "झालं गेलं विसरू."

पोह्यांची बशी धरलेला त्याचा हात मी ओळखत होते. मी सरळ बॅग उचलली. मी सोबत येते आहे असं समजून तो बशी ठेवून चपला शोधू लागला, तेवढ्यात मी जिना उतरले, समोरच्या रिक्षात बसले आणि आमच्या शाळेतल्या फिलोमिना टीचरांच्या वाडीचा पत्ता सांगितला. दुसऱ्या कुणाचं घर मला ठाऊकच नव्हतं.

केळीच्या बागेतल्या त्यांच्या ओट्यावर उभी राहिले, तेव्हा त्यांनी बॅगेकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे. पण भाड्याने घे. पाहुणी म्हणून राहिलीस तर तुला कोणीही उचलून नेईल."

त्या खोलीत बॅग उघडली. नंदिनीने माझ्या साड्यांच्या घड्या फार प्रेमाने घातल्या होत्या. आजही त्या घड्यांइतकं क्रूर मला काही आठवत नाही.

पुढे नवरा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. टीचर रोज माझ्यासोबत बाहेर पडत. काही आठवड्यांनी तो यायचा थांबला. यथावकाश घटस्फोट झाला, नोकरी कायम झाली, नायगावला माझं स्वतःचं छोटं घर झालं. नंदिनी मात्र आयुष्यातून गेली ती गेलीच. आईवडिलांपेक्षा जिच्यावर अधिक विश्वास टाकला, तिने मला मारणाऱ्याच्या हवाली करावं, हे कोडं मी वर्षानुवर्षं उराशी घेऊन वावरले. तिला माझं दुःख खोटं वाटलं होतं का? की तिला खरोखरच संसार इतका पवित्र वाटत होता?

मग एकदा वसईच्या बाजारात ती समोर आली. केस पिकले होते. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि एकाएकी म्हणाली, "खरं सांगू? तुझ्या भल्याचं वगैरे काही नव्हतं गं. ह्यांना स्वतःच्या घरात मोकळं वावरता येत नव्हतं, रोज माझ्यावर चिडायचे. मला फक्त माझा हॉल परत हवा होता."

"मग मला तसं म्हणायचं होतंस," मी म्हणाले. "त्याच दिवशी गेले असते. कुठेही."

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी काही अशक्य सुचवलं होतं.

"असं कसं म्हणणार?" ती म्हणाली. "घरात राहिलेल्या माणसाला जा म्हणायचं? किती वाईट दिसलं असतं."