पुलाखालची तर्री

मंदाताई आमच्या सोसायटीत राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत माझी बायको सुनीता भाचीची पत्रिका घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. त्याला कारण होतं. मंदाताई बाल्कनीत उभ्या राहून फोनवर मोठ्यानं बोलायच्या, "दोन्ही स्थळं चांगली आहेत हो, पण गावाचं नाव जुळत नाही," किंवा "तारखा मागेपुढे आहेत, सोयरीक अडली." सुनीताला त्या लग्नं जमवणाऱ्या बाई वाटल्या. ताईंनी पत्रिका नीट वाचली आणि मग खळखळून हसल्या. "अहो, मी तक्त्यांची लग्नं लावते. माणसांची नाही!"

ताई मूळच्या नामपूरच्या. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सरकारी संकेतस्थळांवर वेगवेगळी खाती आपापल्या नोंदी टाकतात. नदीनाल्यांच्या पाण्यात तेल किती, पाऊस किती, विहिरींचं पाणी कसं, जनावरांच्या दवाखान्यात कोणते आजार आले, लोकांच्या तक्रारी कोणत्या. या नोंदी कुणालाही बघता येतात, पण एकीला दुसरीचा पत्ता नसतो. गाव आणि तारीख जुळवून ताई त्या एकमेकींशेजारी आणून बसवत. नाल्यात तेल उतरलं की ते पुढे कुणाच्या विहिरीत आणि कुणाच्या म्हशीच्या अंगावर जातं, हे त्यांना बघायचं होतं. "एकट्या आकड्याला काही विचारायचं नाही, भाऊ," त्या मला सांगत. "त्याच्या शेजाऱ्याला विचारायचं." मला बेरजा तपासून बघायची सवय असल्यामुळे रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माझी जागा ठरून गेली.

आमच्या मागच्या नाल्यावर दोन पूल आहेत, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. मधे रफीकभाईंचं गॅरेज. रफीकभाई मालेगावहून आलेले, आमच्या सगळ्यांच्या स्कूटर त्यांच्याच हातच्या. खालच्या पुलाशी पाण्यावर तेल दिसतं अशा तक्रारी वाढल्या आणि एक दिवस गॅरेज बंद का करू नये, अशी प्रदूषण नियंत्रण कार्यालयाची नोटीस त्यांच्या हातात पडली. ते तसेच ताईंकडे आले.

"ताई, जला हुआ ऑइल तर विकलं जातं. नाल्यात पैसा कोण ओतणार? हे दुकान गेलं तर मी परत मालेगावला जाऊन काय करू? कापडाचा लूम चालवता येत नाही मला."

"बस आधी," ताई म्हणाल्या. "चहा घे. बघू."

कार्यालयाचं म्हणणं साधं होतं. तेलाच्या सगळ्या तक्रारी खालच्या पुलाच्या, वरच्या पुलाची एकही नाही. म्हणजे तेल मधेच कुठेतरी मिसळतं, आणि मधे गॅरेज आहे. हिशेब म्हणून मला त्यात चूक दिसेना. मी तसं म्हणालोही.

"वरच्या पुलावरच्या लोकांना काय नाक-डोळे नाहीत?" ताई उसळल्या. "तिथे शून्य नाही लिहिलेलं, तिथे कोरं आहे. कोरं म्हणजे शून्य नव्हे, भाऊ!"

आम्ही तक्रारींच्या संकेतस्थळावर वरच्या भागासाठी तेल, ऑइल, तवंग, ग्रीस असे सगळे शब्द शोधले. काही मिळालं नाही. तेवढ्यात सुनीता पोह्यांची ताटली घेऊन आली आणि पडद्यावर डोकावून म्हणाली, "तवंग? आपल्याकडे तवंग कोण म्हणतं? तर्री म्हणतात."

ताईंनी 'तर्री' लिहिलं आणि पडदा भरून गेला. 'पुलाखाली पाण्यावर लाल तर्री आली आहे.' 'मिसळीला नसते एवढी तर्री नाल्याला आहे, लक्ष द्यावे.' सगळ्या वरच्या पुलाच्या, जिथे मिसळीची हॉटेलं आहेत, आणि सगळ्या खाद्यपदार्थ या विभागात गेलेल्या. एकीखाली उत्तरही होतं: 'परिसरातील हॉटेलची तपासणी केली. तर्री योग्य आढळली. तक्रार निकाली.'

ताई खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या. चष्मा काढून डोळे पुसत त्या नामपूरच्या बोलीवर आल्या, "अरे बापरे, हाई काय शे!" मग पुन्हा ताठ बसल्या आणि त्या तक्रारींच्या तारखा दोन्ही पुलांखालच्या पाण्याच्या नोंदींशेजारी लावायला घेतल्या. त्या नोंदी दुसऱ्या खात्याच्या, कार्यालयानं कधी उघडल्याच नव्हत्या. तक्रार आली की वरच्या पुलाखालच्या पाण्यातही तेल चढलेलं. गॅरेजपर्यंत पोचायच्या आधीच.

हे कागद घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्या स्वतः वरच्या पुलापासून नाल्याच्या कडेनं आणखी वर चालत गेल्या आणि गाड्या धुण्याच्या एका आवाराच्या मागे त्यांना तेलकट पाणी नाल्यात सोडणारा, झुडपात लपवलेला पाइप सापडला. मग कार्यालयात आम्हाला बोलावून त्या रफीकभाईंना म्हणाल्या, "तुमची नोटीस मागे घेते." रफीकभाईंनी दोन्ही हात वर केले. आम्हाला तिथेच पेढे आणावेसे वाटले.

"थांबा," ताई म्हणाल्या. "खालच्या पुलाचा आकडा वरच्यापेक्षा किंचित जास्त आहे. प्रत्येक वेळी. तेवढं रफीकचं आहे."

मी ताईंच्या पायावर हळूच पाय दिला. त्यांनी तो बाजूला सारला. "तू फरशी धुतोस ना रोज? ते पाणी कुठे जातं?"

रफीकभाईंचे हात खाली आले. "...नाल्यात."

"मग दुकान बंद नको, मॅडम. त्याला तेल अडवायची टाकी बांधायला सांगा. महिन्याची मुदत द्या."

बाहेर आल्यावर रफीकभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "ताईने बचाया भी, पकडवाया भी!" आणि सगळ्यांत मोठ्यानं ताईच हसल्या. टाकी मुदतीच्या आत झाली, वरचा पाइपही बंद झाला.

यंदा ताई बहिणीच्या सोबतीला नामपूरला राहायला गेल्या. आता पाण्याच्या नव्या नोंदी आल्या की गॅरेजच्या बाकावर बसून मी आणि रफीकभाई त्या फोनवर उघडतो. परवा रफीकभाईंनी स्वतःच ताईंना फोन लावला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. वरचा पूल आणि खालचा पूल, दोन्हीचा आकडा एकच होता.

"पुन्हा वाच," ताई म्हणाल्या. त्यांच्या मागे नामपूरच्या बाजारातल्या कांद्याच्या लिलावाचा गलका ऐकू येत होता. रफीकभाईंनी पुन्हा वाचलं.

"भारी शे, भाऊ! आता कुणी तुझ्याकडे बोट दाखवलं ना, तर त्याला म्हण, आधी दोन्ही पुलांना विचारून ये."